बाहुल्यांची नाकं

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायला उशीर झाला हे खरं, आणि सबब शोधत बसले तर आणखी होईल. रोज लिहायला बसते, मग खिडकीखालून कोणीतरी शिडी घेऊन जातो. शिडी कुठे लावतोय ते बघावं लागतं, आणि दिवस जातो.

तर, मला काम लागलंय. बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका बाईंकडे. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि वर माळा. कागदाच्या लगद्याची डोकी, लाकडाची नाकं, दोऱ्यांवर हलणारे हातपाय. रंगवणाऱ्याला सगळे टोपी म्हणतात. त्याच्या डोक्यावर टोपी मी अजून पाहिली नाही. विचारलं तर म्हणतो, हरवली तेव्हापासूनच नाव पडलं.

माझ्याकडे पांढरा गोंद सांभाळायचं आणि नाककान चिकटवायचं काम आहे. पण मावशी, तो वाळतो गं. बरणी उघडून कामाला बसते, मध्येच रस्त्यावर काही दिसतं म्हणून उठते, परत येते तो वर जाड साय. झाकण तर असं बसतं की टोपीला बोलवावं लागतं. काल बाईंनी आवाजही न चढवता सांगितलं, खेळ तोंडावर आलाय. आणखी एक बरणी वाळली तर मी दुसरीकडे काम बघावं.

एरवी मीच आधी गाशा गुंडाळला असता, तुला माहीत आहे. पण इथे मला राहायचंय. नाक लागलं की बाहुली एकदम आपल्याकडे बघायला लागते. ते सोडून जाववत नाही. तू जन्मभर पुठ्ठ्याची खोकी चिकटवतेस, तुझा गोंद कसा वाळत नाही ते लगेच लिही.

रागावू नकोस, रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझी,
भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काकांनी दोनदा वाचलं आणि शिडी शेवटी कुठे लावली ते विचारलं. मला शिडीशी कर्तव्य नाही. तू कुठेतरी टिकायचं म्हणतेयस, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

बरणीत ब्रश घालायचाच नाही. लागेल तेवढा गोंद वाटीत काढ, वाटीवर ओलं फडकं टाक आणि बरणी तिथल्या तिथे बंद कर. वाटीत उरलेला पुन्हा बरणीत ओतू नकोस. झाकण लावण्याआधी बरणीचं तोंड ओल्या फडक्याने पूस, आणि आट्यांवर बाहेरून बोटभर व्हॅसलीन फिरव, म्हणजे झाकण चिकटणार नाही. बरणी उन्हापासून लांब ठेव. गोंद घट्ट झाला तर कोमट पाण्याचे चार थेंब घालून ढवळ. रबरासारखा झाला असेल तर मात्र फेकून दे, जीव लावू नकोस.

आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. तू अर्ध्यावर उठतेस, म्हणून सांगते.

आमची माया आहेच, तू फक्त खुशाली कळवत जा.
तुझी,
मावशी

दि. १७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी व्हॅसलीनपर्यंत वाचलं आणि उठले. समोरच्या घरात पियानो चढवत होते, दोरखंड लावून, खिडकीतून! बरं, ते राहू दे.

परत आले तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की व्हॅसलीन लावलं की हवा लागत नाही. मग आट्यांवरच का, म्हणून आतून लावलं, आणि गोंदावरही चांगला जाड थर दिला. गोंद अजिबात वाळला नाही. मी खूश. बाई पुढची तयारी बघायला, खेळ जिथे व्हायचाय त्या नाट्यगृहाच्या गावी गेल्या होत्या. मी ब्रश थेट बरणीत बुडवून सगळी नाकं लावून टाकली.

काल टोपीने राजाला दोऱ्यांवर नाचवला. राजाने मान झुकवली आणि नाक खाली. मग राणीचं. मग हवालदाराचं. टोपी आधी हसला, मग माझं तोंड बघून जवळ आला. म्हणाला, झटपट चिकटणारं काहीतरी लावू, खेळापुरतं टिकेल, बाईंना कळायचंही नाही. मी एक लावूनही पाहिलं. टिकलं, पण तेलकट जागेवर किती वेळ टिकणार? पोरांसमोर भर खेळात राजाचं नाक पडलं, तर हसं बाईंचं व्हायचं.

माझी पिशवी भरायला वेळ लागत नाही. भरलीही होती. पण मग नाट्यगृहात फोन केला आणि बाईंना सगळं सांगितलं, माझ्या बुद्धीने गोंदाला तूप पाजलं, हेसुद्धा. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून बसलेय. साबणाच्या कोमट पाण्यात फडकं पिळून एकेक नाक पुसायचं, वाळवायचं, काचकागदाने घासायचं. डोकी भिजवता येत नाहीत, ती नुसती घासायची. नवी बरणी आणली आहे. वाटी, ओलं फडकं, सगळं तुझ्यासारखं. निम्मी नाकंही झाली नाहीत. आज खाली बँड वाजत गेला, मी उठले नाही. काकांना हे जरूर सांग. बाई खेळाच्या दिवशी भेटतील तेव्हा काढून टाकतील असं टोपी म्हणतो. काढोत. नाकं तरी जागेवर असतील.

थांब, जिन्यावर पावलं वाजतायत.

मावशी, बाई आल्यात. तिकडचं काम सोडून, प्रवासाच्या कपड्यांतच. स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या, बाह्या वर केल्या, आणि म्हणतायत, कागद बाजूला ठेव, हवालदाराचं नाक इकडे दे.

तुझी घाईतली,
भिंगरी