ताऱ्याचा सांगाडा

क्रिसांतो,

नाताळ आला. मनिलाहून जहाजावर चढण्याआधी तू बांबूच्या कामट्या तासून ताऱ्याच्या कंदिलाचा सांगाडा बांधला होतास. त्यावरच मी दरवर्षी खळ लावून नवा कागद चढवते. यंदा जुना कागद सोलला, तर आतून भुगाच पडला. सांगाडा किडीनं पोखरलाय.

शेजारची पासिंग मावशी म्हणाली, "अगं, फेकून दे तो! बाजारात प्लॅस्टिकचे ढीगभर मिळतात. तुझ्या नवऱ्याबरोबर गेलेले सगळे कधीच परतले. तू कुणासाठी चिकटवत बसलीयस?"

"नाताळसाठी," मी म्हणाले.

लाल कागद चढवला, झिरमिळ्या लावल्या, खिडकीत टांगला. छान दिसतो. फक्त यंदा त्यात दिवा लावणार नाही. उजेड पडला की आतलं सगळं दिसतं.

अजून याच घरातली,
लिगाया