सतरा क्रमांकाच्या विहिरीतला पाना

श्रीयुत साडूबुवा यांस,

कृतानेक नमस्कार. (गेल्या अकरा वर्षांत मी आपल्याला एकही नमस्कार केलेला नाही, त्यामुळे ‘अनेक’ हा शब्द या वेळी केवळ रीत म्हणून लिहिलेला नाही.) आपला डावा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना दुखतो असे आमच्या सौभाग्यवतींकडून समजले. दोघी बहिणी फोनवर आपापल्या नवऱ्यांच्या अवयवांची जी सविस्तर चर्चा करतात, तिच्यावरून आपण हयात आहात एवढे मला नियमित कळत आले आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. दात नाहीत, परंतु तक्रारही नाही. फोन न करता पत्र लिहीत आहे, कारण फोनवरच्या बोलण्याची नोंद राहत नाही.

विशेष असे की, सतरा क्रमांकाच्या विहिरीला पुन्हा बरे दिवस आले आहेत. जिच्यावर मी पाळीप्रमुख आणि आपण विंचवर तारदोर सोडणारे-ओढणारे होतात, जिच्यातून आपण दोघांनी अठरा वर्षे वायू काढला आणि जी शेवटी सिमेंटने बुजवून, वर लोखंडी झाकण ठोकून घरी आलो, ती आता एक नवी कंपनी उघडणार आहे. काढण्यासाठी नव्हे, भरण्यासाठी. कारखान्यांच्या धुराड्यांतला कर्बवायू पकडायचा, दाबायचा आणि त्याच विहिरीतून दीड हजार मीटर खाली नेऊन कायमचा कोंडायचा, अशी योजना आहे. जन्मभर जे खालून वर आणले, ते हे लोक वरून खाली नेणार. मी या गोष्टीवर दोन दिवस विचार केला आणि मला ती योग्य वाटली. (माझे मत कोणी विचारले नव्हते, तरी ते तयार असावे.)

गेल्या सोमवारी कंपनीच्या इंजिनिअरबाई घरी आल्या. वयाने आमच्या धाकटीएवढ्या असतील. त्यांच्याजवळ जुन्या नोंदवहीची प्रत होती. त्या म्हणाल्या, “आजोबा, चाळीस विहिरींच्या नोंदी वाचल्या. इतकी स्वच्छ एकही नाही. म्हणून तर पहिली सतरा नंबर निवडली!” मी चौथीपर्यंत शिकलेला मनुष्य, माझे अक्षर पाहून विहीर निवडली जाईल असे गुरुजींनाही वाटले नसते. सूनबाईंनी शेजारच्या शिंप्याला बोलावून ते पान दाखवले. त्यावर लिहिले होते : ‘सिमेंटपूर्वी विहीर तळापर्यंत मोकळी. अडथळा नाही. सिमेंट एकसंध.’ खाली माझी सही, पक्क्या शाईची. अर्धा कप चहा होईपर्यंत माझ्याइतका सुखी मनुष्य त्या गल्लीत नव्हता. उरलेल्या अर्ध्या कपाला बाईंनी कागद पुढे केला : “ही नोंद खरी आहे, एवढी एक सही करा.”

साडूबुवा, ते वाक्य आपल्यालाही आठवत असेल. विहीर बुजवली त्या दिवशी हातभर लांबीचा पाना तिच्यात पडला. दोराने चुंबक खाली सोडून तो काढायला तीन दिवस लागले असते आणि दुसऱ्याच सकाळी तपासनीस यायचे होते. म्हणून पाना तसाच राहू दिला, वर सिमेंट ओतले गेले आणि जेवणाच्या सुट्टीत मी ते वाक्य लिहिले. पुढे मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात आपण जेवताना हा किस्सा हसत हसत सांगितलात, तेव्हा मी ताटावरून उठून चाळीस माणसांदेखत आपल्याला थापाड्या म्हणालो. (शब्द याहून वाईट होता. तो पत्रात लिहिण्याजोगा नाही.)

मी पेनाचे टोपण काढले आणि सहज विचारतो आहे असे दाखवून विचारले, की समजा, सिमेंटमध्ये एखादे लोखंड असले तर? बाई म्हणाल्या, “मग पंचाईत. उघडताना ड्रिल त्यावर आपटून बाजूला घसरेल, पाइप फाटेल. मग भरलेला वायू कुठून वर येईल, काय सांगावं? आणि तो हवेपेक्षा जड. सखल जागा बघून साचतो.” विहिरीखालच्या उतारावर शाळा आहे. तिथे माझी नात चौथीत आहे. म्हणजे जिथे माझे शिक्षण संपले, तिथे तिचे अजून चालू आहे. मी पेनाला टोपण लावले.

मग मी उभा राहून सांगितले, की नोंद खोटी आहे, आत पाना आहे.

त्या हसल्या. म्हणाल्या, “आजोबा, नोंदीत तर तसं काही नाही.” मी म्हणालो, ती मीच लिहिली आहे, म्हणून तर सांगतो. “अहो, इतकी व्यवस्थित नोंद खोटी कशी असेल?” नंतर त्यांनी हळूच सूनबाईंना विचारले, “यांना हल्ली विसरायला होतं का हो?” सूनबाई म्हणाल्या, “चष्मा डोक्यावर असतो आणि घरभर शोधतात.” हे मला ऐकू आले. माझी स्मरणशक्ती सिद्ध करण्यासाठी मी त्या पाळीतल्या अकराही माणसांची कामे, प्रत्येकाच्या बुटाचा नंबर आणि त्या दिवशी वापरलेल्या सिमेंटच्या पोत्यांची संख्या न अडखळता सांगितली. बाईंनी पोती वहीशी ताडून पाहिली. ती बरोबर निघाली. “बघा!” त्या म्हणाल्या. “म्हणजे नोंद बरोबरच आहे.” चौतीस वर्षांच्या नोकरीत मी माझ्या शब्दाला जो मान मिळवून ठेवला, तोच माझ्या शब्दाच्या आड आला.

असो. हे पत्र केवळ खुशालीचे आहे. काही काम नाही. गुडघ्याला जपावे.

आपला,
पाळीप्रमुख (निवृत्त)

ता. क. १ : एक किरकोळ काम आहे. ड्रिल येत्या सोमवारी लागणार आहे. बाई म्हणतात, विहीर बुजवताना हजर असलेल्या दुसऱ्या माणसाने सांगितले, तरच थांबता येईल. अकरा जणांपैकी माझ्याशिवाय आता आपणच उरला आहात. तरी गुरुवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या ऑफिसात यावे आणि ज्याने आपल्याला खोटे ठरवले, त्याला खोटे ठरवावे, ही विनंती. ऑफिस तळमजल्यावर आहे. एकही पायरी नाही. (मी काल जाऊन पाहून आलो.)

ता. क. २ : त्या पान्याचा जोडीदार आपल्या मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेला असतो, असे सौभाग्यवतींकडून कळते. तोही आणावा. मोजमाप घ्यायचे आहे. दाराला तोवर वीट लावावी.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालण्यापूर्वी सौभाग्यवतींनी वाचले. म्हणाल्या, “सगळं लिहिलंत. कुणाच्या हातून पडला, ते तेवढं गाळलंत. वहीतही असंच केलं असणार.” माझ्या हातून पडला. तू ओरडलासही, “अरे, धर!” मी धरला नाही. तू लग्नात बोललास ते अक्षर न् अक्षर खरे होते. हे पक्क्या शाईने लिहिले आहे. ये.