मोठ्या मापातली माय

माय,

आज सकाळी एका अनोळखी माणसाचा निरोप आला. कुठल्या देशातला आहे कोण जाणे, इंग्रजीत लिहिलं होतं. लोक आपले व्हिडिओ विकतात त्या साइटवर मी ठेवलेली तुझी एक क्लिप त्याला आवडली आहे. आसेगावच्या मळ्यात टाक्याशी बसून तू सांबाराच्या जुड्या धुते आहेस, ती. साइटवर ती एचडीत आहे, त्याला फोर-के हवी आहे. मोठी असेल तर आजच घेतो म्हणतो. मोठी आहे. माझ्याकडे पडून आहे. या क्लिपचं नशीबच विचित्र. साइटवर टाकताना लोकांना सापडावी म्हणून खाली शब्द लावावे लागतात, तिथे मी इंग्रजी अक्षरांत 'सांबार' लिहिलं होतं. वऱ्हाडाबाहेर कोथिंबिरीला कोणी सांबार म्हणत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जंगलातलं सांबर शोधणाऱ्यांना तू दिसत होतीस, नाहीतर डोशाबरोबरचं सांबार शोधणाऱ्यांना. कोणी घेतली नाही, आणि मी शहाणी समजत बसले की एचडी आहे म्हणून घेत नाहीत.

हे एचडी आणि फोर-के काय असतं ते तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. चित्र तेच, पण फोर-केमध्ये चौपट बारकावा असतो. घेणाऱ्याला त्यातला हवा तेवढा तुकडा कापून मोठा करता येतो. मी तुला लांबून, अख्ख्या मळ्यासकट घेतलेलं असलं तरी त्याला नुसतं तुझं तोंड काढून घेता येतं. एचडीत तसं करायला गेलं तर तोंडाचा नुसता चिखल होतो. साइटवाले सांगतात, जे सगळ्यात मोठं असेल तेच टाका, त्याला भाव येतो. मीही आधी तेच करत होते.

मंगरूळपीरच्या बाजारातली तुझी क्लिप मी अशीच फोर-केमध्ये टाकली होती. तू गेल्यानंतर पुष्कळ दिवसांनी मी कारंज्याच्या फोटो स्टुडिओत कामावर असताना फोनवर एक जाहिरात आली. गुडघ्यांच्या तेलाची. त्यात तू होतीस. त्यांनी बाजार कापला, वांग्यांची पाटी कापली, शेजारी बसणारी मावशी कापली, आणि तुझं तोंड तेवढं पडदाभर ठेवलं. ऊन होतं म्हणून तू डोळे बारीक केले होतेस, ते त्यांनी दुखणं म्हणून खपवलं. मागे रडकी सारंगी, आणि कोणी बाई हिंदीत सांगते आहे, 'लाचार बुढ़ापा'. लाचार, आणि तू! दलालाच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय जिने कधी पाटी खाली ठेवली नाही ती लाचार! मी तक्रार लिहिली. उत्तर आलं, त्यांनी रीतसर विकत घेतली आहे आणि परवानगीच्या कागदावर तुझी सही आहे. होतीच. 'मले काय समजते त्यातलं, आन इकडं,' म्हणत हात पदराला पुसून तू ती केली होतीस. तेव्हापासून ज्यात तू आहेस ते सगळं मी एचडीतच ठेवते.

तू असतीस तर आजचा निकाल तूच लावला असतास. चांगलं ते बाजाराले. आपल्या घराचा हा एकच कायदा. पहिल्या तोड्याची भेंडी बाजाराला, आमच्या ताटात निबर. सरळ काकडी बाजाराला, वाकडी आणि कडू आम्हाला. मी चौथी-पाचवीत असेन, बाजारात तुझ्याजवळ बसले होते आणि भूक लागली म्हणून ढिगावरचा एक टमाटा उचलला होता. तू सगळ्यांसमोर माझ्या हातावर मारलंस.

'ठेव थे! इकाचं हाय ते. तुयासाठी घरी हायेत ना.'

'ते फुटके हायेत, माय.'

'फुटक्याची चव काय येगळी रायते?'

गिऱ्हाईक बाई हसली, तूही हसलीस. तिच्या मुलीला तू वरून एक टमाटा फुकट दिलास. मोठी झाले, मिळवती झाले, तरी तो टमाटा माझ्या घशाखाली उतरलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मग कोणाबद्दल बोलू? तुझ्या सगळ्या चांगल्या गोष्टी परक्यांनी खाल्ल्या, तुझं गोड बोलणंसुद्धा बाजारातच संपायचं. घरी येईतो तुझ्यापाशी फक्त थकवा आणि खेकसणं उरायचं.

दुपारी स्टुडिओत कोणी नव्हतं, तेव्हा ती मोठी फाईल उघडली. हिवाळ्याची सकाळ आहे. स्टुडिओचा कॅमेरा मागून आणला आहे आणि मी तो वाफ्याच्या कडेला लावते आहे. तू सारखी माझ्याकडे बघते आहेस.

'माय, इकडं पाहू नको.'

'काहून? मी काय चोरी करून राह्यली का?'

'घेनाऱ्याले आवडत नाई तसं. आपलं काम करत राहा.'

'असं व्हय?' तू लगेच वळून बसलीस. 'गिऱ्हाइकाले नाई आवडत त मंग नाई पाहत.'

गिऱ्हाईक म्हटलं की तुझं संपलंच. त्यानंतर मी तुला कितीदा घेतलं, पण तू एकदाही कॅमेऱ्याकडे पाहिलं नाहीस. सांगावंही लागलं नाही.

आज मी ती क्लिप थांबवत थांबवत, तुझं तोंड पडदाभर करून पाहिली. तेलवाल्यांनी केलं तेच केलं. कपाळावर पाणी उडालेलं दिसतं, कानामागे खोचलेली बट दिसते. मधेच एका ठिकाणी तुझी मान वर येते. नजर जुडीवरून सुटते, टाक्याच्या काठावरून पुढे येते, कॅमेऱ्याच्या पायापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते. तुला आठवलेलं असतं. मान परत खाली जाते. पुन्हा पुन्हा पाहिलं, पुन्हा पुन्हा तिथेच थांबते. तुझा फार राग आला, माय. आयुष्यात एकदा माझं इतकं ऐकलंस, आणि तेही गिऱ्हाइकाचं म्हणून.

मोठी क्लिप नाही, असं त्या माणसाला कळवून टाकलं. हे पत्र मात्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ताच नाही. दादाला कळलं तर तो म्हणेल, बहिणीनं मायची इज्जत राखली. म्हणू दे. तुला खरं सांगते, इज्जतीचं माझ्या मनातही नव्हतं. माझ्याकडे बघायला निघालेली तू, मला कोणाला द्यायची नव्हती.