मम्माचे ओठ आणि आवाज

शनिवार संध्याकाळ, गिरगाव

चार दिवस डायरीत लिहायचं टाळलं. लिहिलं असतं तर कबूल करावं लागलं असतं की शेजारच्या लॉर्ना आंटीचं काम पडून आहे. तिची मम्मा गेल्या महिन्यात वारली. त्याआधी मम्माने ओट्याशी उभं राहून लग्नाचं गाणं म्हटलं होतं, ते मी जुन्या कॅमकॉर्डरवर घेतलेलं. उद्या चर्चमधल्या मिसानंतर ते सगळ्यांना दाखवायचंय. पण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसते मम्माचे ओठ हलतात. साध्या प्लेअरवर मात्र ती छान गाते. म्हणजे आवाज फाइलमध्ये आहे, सॉफ्टवेअरला तो फॉरमॅट वाचता येत नाही.

दुपारी आंटी डोकावली. "काय रे, माझ्या मम्माला मुकी केलीस?"

मी हसलो.

मग दोन तास पतंग बनवण्याचे व्हिडिओ बघितले. का, देव जाणे. शेवटी आवाज वेगळा काढला, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलला, चित्राखाली लावला. ओठ जुळले. मोठ्याने लावून पाहिलं.

तेवढ्यात दार वाजलं. आंटीचा भाऊ पीटर, हातात बॅग. मम्माच्या मातीलाही आला नव्हता हा.

"जिन्यात मम्मा ऐकू आली," म्हणाला. "आधी इथेच आलो."

आता पीटर माझ्या खोलीत तो व्हिडिओ तिसऱ्यांदा बघतोय. तो आलाय हे आंटीला अजून कळलेलं नाही.