मशीन रिकामं होतं

प्रिय धाकट्या,

तीन महिने झाले, आपण फोनवर फक्त कामापुरतं बोलतो. म्हणून पत्र. फोनवर तू मधेच तोडतोस आणि मी गप्प बसते, लहानपणापासूनचंच आहे ते.

बाबांची खोली काल आवरली. फरशी घासायच्या कारखान्यात तीस वर्षं दगडाची भुकटी ओढून त्यांची फुप्फुसं दगडासारखी कडक झाली होती. शेवटचं वर्ष ते नाकात नळी घालूनच घरात फिरायचे. कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या मशीनला ते घरजावई म्हणत. दिवसभर घरघर करतो आणि वीज खातो, म्हणायचे. हसले की खोकला यायचा, मग मी हसवणंच बंद केलं.

दवाखान्यात नेलं तेव्हा ती नळी पुरेना. मिनिटाला साठ लिटर, गरम, दमट ऑक्सिजन मोठ्या नळीने नाकात सोडत होते. तरी दोन शब्दांनंतर त्यांना थांबावं लागायचं. पाणी पिणं म्हणजे डोंगर चढणं. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवून शेवटच्या मशीनबद्दल सांगितलं. मानेतून रक्त बाहेर काढायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा, परत अंगात सोडायचं. तुम्ही आग्रह धरलात तर लावून बघू, म्हणाल्या. पण फुप्फुसं सुधारणार नाहीत, या वयात बदलताही येणार नाहीत. मशीनवर ते जागे राहतील, उतरता मात्र येणार नाही. मग ते बंद कधी करायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. लपवलं असतं तर त्यांनी ओळखलंच असतं. ते म्हणाले, "नको." श्वास घेतला. "त्याला विचारू नकोस. तो मला जाऊ देणार नाही."

तेवढ्यात तुझा फोन आला. घर विक, पण मशीन लाव, म्हणालास. बाबा समोरच होते, तुझा आवाज त्यांना ऐकू जात होता. मी म्हणाले, मशीन रिकामं नाही. बाबांनी डोळे मिटले.

मशीन रिकामं होतं. नकाराच्या कागदावर बाबांचा अंगठा आहे आणि खाली माझी सही. त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी, धाप कमी करायच्या औषधाच्या गुंगीत, ते गेले. तू वाटेत होतास.

काल डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वशिल्याच्या पेशंटला मशीन दिलं म्हणून तू त्यांच्याविरुद्ध तक्रार केलीस, हे मला तेव्हा कळलं. त्या चिडल्या नाहीत. उत्तरासोबत तो कागद जोडावा लागेल, त्याआधी तुम्हीच भावाला सांगा, एवढंच म्हणाल्या. तो कागद तुझ्या हाती पडायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून लिहितेय. तक्रार मागे घे. राग माझ्यावर काढ, तो माझाच आहे. आणि कधी बोलावंसं वाटलं तर फोन कर. उचलायचा धीर व्हायला मला वेळ लागेल, तेवढा वाजू दे.

अजूनही तुझीच,
ताई