मारामारी नसलेल्या खेळातली जप्ती

तीर्थरूप दादा,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, कंबर नाही म्हणाली.) तुझा रक्तदाब औषधाने उतरला आणि वहिनीच्या बोलण्याने परत चढला, हे कळलं. मी बरी आहे. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर निवृत्त झाली की तिची तब्येत सुधारतेच. ती बिघडवणाऱ्या दोन मजले भरून मुली आता दुसऱ्या बाईकडे आहेत.

तू सोपवलेल्या कामगिरीवर इथे नीट पोचले. कामगिरी माझ्या लक्षात आहे. तुझ्या लेकीने हिशेबाची पक्की नोकरी सोडून कॉम्प्युटरवरचा खेळ बनवायला घेतला; तेव्हापासून तू तिच्याशी बोलणं टाकलंस; आणि ऑफिसने सोमवारपर्यंत जागा ठेवली आहे तोवर तिला समजावून परत पाठवायला मला धाडलंस. तिची खोली पाहिली. दोन टेबलं, वायरींचा गुंता, खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेले मोजे. दुसऱ्या टेबलाशी एक दाढी बसते. दाढीच्या आत तिचा भागीदार आहे. (फक्त कामापुरता का, असं तू विचारशील. मीही विचारलं. दोघं एकदम म्हणाली, "फक्त कामापुरता." इतक्या एका सुरात बोलणारी जोडपी मी वसतिगृहाच्या फाटकाशी पुष्कळ पाहिली आहेत.)

आता खेळ. मला वाटलं होतं, बंदुका तरी असतील. नाहीत. यात कुणी कुणाला मारत नाही, कुणी मरत नाही, पळता येत नाही आणि हरताही येत नाही. एक बाई बहिणीच्या घरी येते. घर उघडं, बहीण गायब. बाईने खोल्यांतून हिंडायचं, वस्तू उचलायच्या, उलटसुलट करून बघायच्या आणि बहीण का गेली ते आपलं आपण ओळखायचं. झाला खेळ. मालक घरात नसताना त्याची कपाटं उघडणं, याला आपण चोंबडेपणा म्हणायचो. आता त्याला अनुभव म्हणतात. शहाणीसुरती माणसं ऑफिसातून दमून येतात आणि असल्या रिकाम्या घरांतून तासन्‌तास फिरतात म्हणे. स्वतःच्या घरातला एक खण आवरायला सांगून बघ त्यांना. "पण किती शांत वाटतं, आत्या," तुझी लेक म्हणाली. वाटणारच. त्या घरात कुणी आत्या नाही.

शुक्रवारी असे खेळ विकत घेणारी एक कंपनी तो बघायला येणार होती. तिने घेतला तर ठीक, नाही घेतला तर सोमवारी निमूट ऑफिसात जाईन, असं तुझी लेक स्वतःच म्हणाली होती. (म्हणजे मला काही करायचीच गरज नव्हती. हे आधी कळतं तर गाडीभाड्याचा खर्च वाचला असता.) अशा वेळी जन्मात खेळ न खेळलेलं माणूस बसवून बघतात. म्हणून मला बसवलं. हातात ते बटणांचं यंत्र दिलं आणि सांगितलं, "तुला हवं ते कर."

मी बहिणीच्या खोलीत शिरले. गादीखाली काडेपेटी. उशीमागे अर्धी बाटली. कपाटात पुरुषाचा रेनकोट. खिडकीत पाणी तापवायची कांडी, तीही सोललेल्या वायरीची! दादा, वसतिगृहातल्या झडतीसारखे हात आपोआप चालले. एकेक वस्तू उचलली आणि खाली फाटकाजवळच्या टेबलावर नेऊन ठेवली. (एका वेळी एकच नेता येते. माझी तक्रार नाही. नोकरीतही शिपाई कायम रजेवर असायचा.) मग उष्टे कप नेले, ओला टॉवेल नेला, एकच चप्पल होती तीही नेली. खोली अशी लख्ख झाली की कुठल्याही पालकाला दाखवावी. मागे दाढी उचकी लागल्यासारखी हलत होती.

"आत्या," तुझी लेक म्हणाली, "अगं, ते पुरावे होते."

"मग? पुरावेच तर जप्त करतात."

"पण आता ती का गेली हे कळणार कसं?"

"असलं सगळं खोलीत ठेवलं म्हणून गेली. मीच काढली असती."

पुढे खेळ अडला. वस्तू जागेवर दिसल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आणि सगळी खोली उचलून नेणारं माणूस निघेल असं या विद्वानांना सुचलंच नव्हतं. दाढी म्हणाला, सगळ्या वस्तू जागेवर चिकटवून टाकू. तुझी लेक म्हणाली, "नको. आत्यासारखी माणसं येणारच. त्यांना नेऊ दे. मग टेबलावरच्या ढिगाने गोष्ट सांगायची." आणि जेवणखाण सोडून ती कंपनी येईपर्यंत तेच करत बसली. दुसऱ्याने केलेला घोळ, पण तोंड पाडून आपणच निस्तरायचा, ही तऱ्हा वहिनीच्या माहेरची नाही.

मी पुन्हा खेळून बघितला, केवळ दुरुस्ती तपासायला. या वेळी काही उचललं नाही. तिथे खुर्चीवर बसायचंही बटण आहे. बसले. नळ ठिबकत होता. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं. इतकी वर्षं मुलींच्या खोल्यांत शिरले, पण कुणाच्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. यात खेळ कुठे आहे, हे मला अजून कळलेलं नाही. चहा दोनदा गार झाला, एवढं खरं.

वहिनीला नमस्कार. पथ्य पाळ.

तुझी धाकटी

ता. क. कंपनीची माणसं येऊन गेली. तोंडावरची रेष हलली नाही. पण खेळ घेतला. नोकरीचा विषय काढायचा माझ्याकडून राहून गेला. आता काढून उपयोग नाही.

ता. क. दुसरा. कंपनीने एकच खोट काढली. शेवटी त्या घरातला फोन वाजतो आणि रुसलेला बाप निरोप ठेवतो. तो आवाज दाढीने दिला होता. स्टेशनवर गाडी उशिरा सुटणार असल्याचं सांगतात तसा. मग दोन नट बोलावले. तुझी लेक प्रत्येकाला सांगत होती, "अजून चिडून बोला, पण फोन ठेवायची घाई नको." दोघांनाही जमलं नाही. तिने तुझं नाव काढलं नाही. मला विचारशील तर असा माणूस मी एकच पाहिला आहे. वाक्यं एवढीच आहेत: "कुठे आहेस? जेवलीस का? फोन कर. नाही केलास तरी चालेल, पण कर." पत्र मिळेल त्या संध्याकाळी तिच्या नंबरावर लाव. मी तिला उचलू देणार नाही. फोनमधलं यंत्र तुझा आवाज टिपून घेईल, त्यामुळे तुझं बोलणं टाकलेलंच राहील. वाक्यं चुकली तरी हरकत नाही. बोलून झाल्यावर फोन मात्र लगेच ठेवू नकोस.