चालकाचा रकाना

नागाव,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सलिलास अ. उ. आ.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते. विम्याचे कागद मिळाले. आपल्या वडिलांनी, भाऊंनी, हौसेने घेतलेली ती दोन आसनी एमजी गाडी अजून माझ्याच नावावर आहे. सही मी करायची, आणि न वाचता मी सही करत नाही.

ठरीव किमतीचा विमा घ्यावा हे मला पटले. साध्या विम्यात गाडी जितकी जुनी, तितकी तिची किंमत कमी. वादळात फणसाची फांदी पडून बॉनेट चेपले तेव्हा कंपनीने जे दिले, त्यात रंगसुद्धा झाला नाही. इथे किंमत आधीच दोन्ही बाजूंनी मान्य करायची. गाडी पुरती गेली तर तेवढी रक्कम मिळते, मागाहून घासाघीस नाही. मूल्यांकन करणारे विनेश म्हात्रे येऊन इंजिनाचा नंबर, चाके, आसने बघून गेले. चौदा लाख म्हणाले. बंद जागेची अट आहे, म्हणून गाडी नारळाखालून हलवून पत्र्याची शेड बांधून घेतली.

पण चालकाच्या रकान्यात तू स्वतःचे नाव घातलेस, आणि ‘दृष्टिदोष’ याच्यापुढे ‘नाही’ लिहिलेस. हे खरे आहे का? एका ओळीत उत्तर दे.

सौ. मैथिलीला आणि लेक मृणालीला आशीर्वाद.

तुझी,
ताई

पुणे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

तू निवृत्त झालीस हे शाळेला कळलं, तुला कधी कळणार? एका ओळीत उत्तर द्यायला मी आता चौथीत नाही.

डोळ्यांत थेंब घालतो. कडेकडेचं थोडं धूसर दिसतं. एकाहत्तराव्या वर्षी कुणाला लख्ख दिसतं? असल्या रकान्यांत सगळे ‘नाही’च लिहितात. अलिबाग ते मुरुड प्रत्येक वळण मला पाठ आहे. गेल्या महिन्यात काशीदला त्या केसर कोळणीचे वाळत घातलेले बोंबील चाकाखाली गेले, तेच तुझ्या मनात आहे ना? तेव्हा ऊन समोरून येत होतं. तिला मी तिथल्या तिथे भरपाई दिली, तीही हसली. मैथिली म्हणते, बोंबलांसाठी बहीणभावांत भांडण नको.

सही करून पाठव. वर्षात चार वेळा तर काढायची गाडी.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
सलिल

नागाव,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सलिलास अ. उ. आ.

काल काशीदला जाऊन केसरला भेटले. ती हसली खरी, पण आपण निघून गेल्यावर नातीने तिला धरून घरी नेले. म्हणाली, बाय, तुज्या भावाचं त्वांड माज्याकडंच व्हतं, पन त्यानं मना बगलाच न्हाय. ऊन तुझ्या पाठीशी होते, हेही तिने सांगितले.

मी शेजारी बसले होते. तू वेग कमी केला नाहीस हे मी पाहिले, आणि तेव्हा गप्प बसले. ती चूक माझी.

तुझे पत्र जाड स्केचपेनने लिहिलेले आहे, आणि दोन ओळी एकीवर एक चढल्या आहेत.

खोट्या माहितीवर विमा कंपनी पैसे देणार नाही, हे तुला समजते. माझे कारण ते नाही. गाडीची किंमत विनेशने तासाभरात ठरवली. केसरला काही झाले असते, तर तिच्या घरच्यांसमोर बसून मी काय ठरवले असते?

या फॉर्मवर मी सही करणार नाही. डॉक्टरांचा दाखला घे आणि नवा फॉर्म पाठव. कठोर वाटेल. वाटू दे.

तुझी,
ताई

पुणे,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

हे पत्र मृणालीच्या हातचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय, मधेमधे रडतेय. तिकडे लक्ष देऊ नकोस.

दाखला सोबत आहे. काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्याला मधलंच तेवढं दिसतं. दीड वर्षापूर्वीच डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. घरात कुणाला बोललो नाही.

काशीदला मला बांबूवर वाळत घातलेलं एक लुगडं दिसलं होतं. मग ते लुगडं उठून उभं राहिलं. मुरुडहून परत येताना पोट बिघडल्याचं सांगून मी गाडी मुरुडलाच ठेवली, आपण एसटीने आलो आणि गाडी मागून मेकॅनिकने आणून दिली, आठवतं? पोट ठीक होतं. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, लावणारही नव्हतो. नाव फक्त फॉर्मवर हवं होतं. नाव आहे तोवर आपण गाडी चालवतो, असं वाटलं असतं.

चौदा लाख मला मान्य. नव्या फॉर्मवर चालक मृणाली. ती फार हळू चालवते. चालवू दे.

केसरची माफी मला स्वतः मागायची आहे. शनिवारी मुरुडच्या गाडीने एकटा येतोय. दुपारी नागावच्या स्टॉपवर उभी राहा आणि मोठ्याने हाक मार. तू मला दिसणार नाहीस.

आशीर्वाद असू द्यावा.

तुझा,
सलिल